गाडी उभीच आहे, मग विमा कशाला?

रस्त्याकडेला कव्हर घालून उभ्या असलेल्या गाड्यांकडे माझं लक्ष जरा जास्तच जातं. टायरमधली हवा उतरलेली, कव्हरवर वाळक्या पानांचा थर, वायपरखाली कुठल्यातरी क्लासचं भिजून वाळलेलं पत्रक. अशी गाडी दिसली की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो हिच्या पॉलिसीचा. सवयीचा परिणाम, दुसरं काय. मी एका वकिलांच्या ऑफिसात काम करते आणि आमच्याकडे बहुतेक मोटार अपघाताचे दावे येतात. दिवसभर पंचनामे, पॉलिसीच्या झेरॉक्स आणि हॉस्पिटलची बिलं यांतच डोकं असतं.

तशीच एक गाडी आमच्या घरातही आहे. धाकटा भाऊ नोकरीसाठी परदेशी गेला, त्याची छोटी गाडी आई-बाबांच्या इमारतीसमोर रस्त्यावर राहिली. सोसायटीत पार्किंग नाही. बाबा आता गाडी चालवत नाहीत आणि ती विकूही देत नाहीत. ‘तो आला की त्याला विमानतळावरून आणायला लागेल,’ हे त्यांचं ठरलेलं उत्तर. तो येतो तो टॅक्सीनेच, हा भाग वेगळा. रिन्यूअलचा मेसेज माझ्या फोनवर आला, मी तो भावाला पाठवला, तर त्याचं उत्तर: ‘ताई, यंदा राहू दे ना. गाडी उभीच आहे. उभ्या गाडीला कसला इन्शुरन्स?’

हा प्रश्न मी ऑफिसातही वेगवेगळ्या लोकांकडून ऐकलेला आहे, आणि दरवेळी विचारणाऱ्याचा सूर असा, की यात विचारण्यासारखं तरी काय आहे. तेव्हा उत्तर आधीच देऊन टाकते. सार्वजनिक रस्त्यावर गाडी ठेवायची असेल तर निदान थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणारा, चालू हवा. मात्र त्यामागचं कारण बहुतेकांना वाटतं ते, म्हणजे पोलिसांच्या दंडाचं, नाही. दंडाच्या बाबतीत भाऊ बराचसा बरोबर आहे, हे आधी मान्य करायला हवं.

मोटार वाहन कायदा, १९८८, कलम १४६. सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहनाचा ‘वापर’ करायचा किंवा दुसऱ्याला करू द्यायचा, तर त्या वापरासाठी पॉलिसी चालू असली पाहिजे, असं ते कलम सांगतं. आता शिक्षेचं कलम बघा, १९६. तिथे शिक्षा आहे ती विमा नसलेली गाडी ‘चालवणाऱ्याला’ किंवा ‘चालवू देणाऱ्याला’. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपये दंड किंवा दोन्ही, दुसऱ्यांदा दंड ४,००० रुपये. म्हणजे बंधन घातलं वापरावर आणि शिक्षा ठेवली चालवण्यावर. कव्हर घातलेल्या गाडीच्या काचेवर १९६ची पावती लावून गेलेला पोलीस मी तरी पाहिलेला नाही, आणि लावलीच तर तिच्यावर भांडायला जागा आहे. ज्या गुन्ह्याला वेगळी शिक्षा सांगितलेली नाही त्याच्यासाठी कलम १७७ आहे, त्यात पहिल्या वेळी ५०० रुपये आणि पुढे १,५००. एवढ्या पैशांसाठी कोणी उच्च न्यायालयात जात नाही, म्हणून हा मुद्दा तसाच लोंबकळत राहतो.

भावाला हे सांगितलं तेव्हा तो खूश झाला. ‘बघ, मी म्हटलं नव्हतं?’

मग मी त्याला सातारा जिल्ह्यातली गोष्ट सांगितली. ऑफिसात कुणी नवीन मुलगा-मुलगी आली की आमचे सर त्यांनाही हाच निकाल पहिल्यांदा वाचायला देतात.

२९ ऑक्टोबर १९८७. पुण्याहून बंगळुरूकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४, कवठे गावाजवळ. पहाटे तीनच्या सुमारास पेट्रोलचा टँकर आणि एक ट्रक यांची टक्कर झाली. टँकर रस्ता सोडून साधारण वीस फुटांवर डाव्या कुशीवर आडवा पडला आणि त्यातून पेट्रोल गळायला लागलं. उजाडता उजाडता आजूबाजूची माणसं जमली. सव्वासातच्या सुमारास स्फोट झाला, आग लागली. जमलेल्यांपैकी अनेक जण भाजले, काही दगावले. त्यातल्याच एका मुलाच्या आईने भरपाईचा दावा लावला. दोष कुणाचा हे सिद्ध न करता त्या वेळच्या कायद्याने मिळणारी अंतरिम रक्कम होती १५,००० रुपये.

मालक आणि विमा कंपनी यांचं म्हणणं काय होतं? टक्कर तीन वाजता झाली आणि संपली. चार तासांनंतर टँकर आडवा पडलेला होता, कुठे जात नव्हता, जाऊ शकतही नव्हता. मग तो ‘वापरात’ कसा? लोक पेट्रोल न्यायला आले आणि पेटले, यात वाहनाच्या वापराचा संबंध काय? मोटार अपघाताचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाने हे मान्य केलं आणि त्या आईचा अर्ज फेटाळला. मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९९१ साली तिथे निकाल लागला तो असा: ‘वापर’ या शब्दाचा अर्थ व्यापक आहे, वाहन थांबलेलं असतानाचा काळही त्यात येतो, आणि बिघाडामुळे किंवा अपघातामुळे वाहन जागचं हलू शकत नसलं म्हणून त्याचा वापर संपला असं होत नाही.

कुशीवर पडलेला टँकर जर वापरात, तर चार चाकांवर उभी असलेली गाडी का नाही?

भावाने लगेच फरक दाखवला. (तो इंजिनिअर आहे, फरक दाखवण्यात त्याचा हात कोण धरणार.) टँकर प्रवासात होता, मध्येच पडला. आपली गाडी कुठे निघालेलीच नाही. मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. प्रत्येक उभ्या गाडीच्या प्रत्येक बाबतीत न्यायालय हेच म्हणेल, असं मीही म्हणणार नाही. पण घरासमोर उभ्या गाडीवरूनच झालेला एक खटला इंग्लंडमध्ये आहे, आणि आपल्या विम्याच्या कलमांची भाषा तिथल्याच कायद्याच्या वळणाची असल्याने तो वाचण्यासारखा आहे. डिसेंबर १९५८ मध्ये एका गृहस्थाची गाडी बंद पडली. त्याने ती घरासमोरच्या रस्त्यावर ठेवली, जॅक लावून चाकं वर उचलली, बॅटरी काढून घेतली आणि विमा बंद केला. आपल्याकडचा कुणी शहाणा माणूस करेल तेच. फेब्रुवारीत त्याने चाकं खाली घेतली, गाडी पुसूनबिसून ठेवली, बॅटरी चार्जिंगला दिली. इंजिन तेव्हाही चालत नव्हतं. त्याच दिवसावरून त्याच्यावर विम्याशिवाय गाडी ‘वापरल्याचा’ गुन्हा लागला आणि अपिलातही तो कायम राहिला. कारण, गाडी वापरायला हाताशी असणं हाही वापरच. इंजिन बंद असलं तरी ढकलली तर ती जाणार होतीच.

ब्रिटनने पुढे २०११मध्ये हा घोळच मिटवून टाकला. तिथे एक तर गाडीचा विमा चालू ठेवायचा, नाही तर गाडी रस्त्यावरून काढल्याचं सरकारला कळवायचं. आणि एकदा तसं कळवलं की ती सार्वजनिक रस्त्यावर ठेवायचीच नाही, स्वतःच्या आवारात न्यायची. आपल्याकडे विम्यासाठी असं कळवायचं रजिस्टर नाही, म्हणून आपण ‘उभीच आहे’ एवढं स्वतःला सांगतो आणि विषय संपवतो.

बरं, न्यायालयं बाजूला ठेवू. उभी गाडी कुणाला काय इजा करणार, हा खरा प्रश्न. आमच्या ऑफिसात या प्रश्नाचं उत्तर कपाटातच आहे. रात्री टेललाइट न लावता, मागे त्रिकोण न ठेवता उभा केलेला ट्रक आणि मागून येऊन आदळलेली मोटारसायकल, अशा फायली आमच्याकडे सतत येतात. त्यात ट्रक हलतही नसतो. न्यायाधिकरण ट्रकवाल्याचा दोष किती टक्के, दुचाकीस्वाराचा किती टक्के हे ठरवतं आणि ट्रकच्या वाट्याचे पैसे ट्रकची विमा कंपनी भरते, पॉलिसी असेल तर.

छोटी गाडी ट्रकइतकी रस्ता अडवत नाही, हे खरं. पण आमच्या गाडीचंच सांगते. आई-बाबांच्या इमारतीसमोरच्या रस्त्याला उतार आहे, फार नाही, पण चेंडू सोडला तर कोपऱ्यापर्यंत जाईल एवढा. गाडीचा हँडब्रेक जुना. बरेच महिने ओढून ठेवला की तो चिकटतो, म्हणून मेकॅनिकने सांगितलं की हँडब्रेक सैल ठेवा आणि गिअरमध्ये टाका. बाबांचा गिअरवर भरवसा नाही, म्हणून त्यांनी मागच्या चाकाला वीट लावली. आणि संध्याकाळी गल्लीतली पोरं ती वीट काढून स्टंप म्हणून उभी करतात. खेळ संपला की वीट कधी चाकाखाली परत येते, कधी गटाराच्या कडेला पडलेली असते. बाबा रात्री टॉर्च घेऊन वीट शोधतात. हे पाहिलं की मला कायद्याचं कलम १२६ आठवतं. सार्वजनिक ठिकाणी गाडी उभी करून जाताना इंजिन बंद, आणि ब्रेक लावलेला किंवा ती आपोआप चालू लागणार नाही अशी दुसरी व्यवस्था, हे पाहणं ज्याच्या ताब्यात गाडी आहे त्याचं काम. वीट आणि क्रिकेट याबद्दल त्यात काही लिहिलेलं नाही.

याशिवाय जुन्या वायरिंगचं शॉर्टसर्किट आहेच. ओळीने लावलेल्या स्कूटरमध्ये एक गाडी पेटली तर ती एकटी जळत नाही. उंदीर बॉनेटखाली घर करतात, वायर कुरतडतात, आणि बॅटरी जोडलेलीच असते कारण ‘कधी लागली तर’.

आणि समजा, झालंच काही. पॉलिसी असेल तर पुढचं सगळं विमा कंपनीचं काम. वकील त्यांचा, पैसे त्यांचे. थर्ड पार्टी पॉलिसीत माणसाच्या मृत्यूला किंवा जखमेला रकमेची मर्यादा नाही, न्यायाधिकरण ठरवेल तेवढी. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला खासगी गाडीसाठी साडेसात लाखांपर्यंत. पॉलिसी नसेल तर यातला प्रत्येक रुपया नोंदणीकृत मालकाचा, म्हणजे माझ्या भावाचा. तो परदेशात असला म्हणून समन्स थांबत नाही, ते आरसीवरच्या, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावरच्या, पत्त्यावर येणार, म्हणजे बाबांच्या हातात पडणार. सध्याच्या कायद्यात कलम १६४ आहे. दोष कुणाचा या वादात न जाता मृत्यू झाला तर पाच लाख, गंभीर दुखापत झाली तर अडीच लाख, देणार मालक किंवा त्याची विमा कंपनी. दोष सिद्ध करून पूर्ण भरपाई मागितली तर हिशेब मृताच्या वयावर आणि कमाईवर चालतो आणि तो आकडा कुठे जाईल सांगता येत नाही. मालकाने पैसे भरले नाहीत तर न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांना दाखला पाठवतं आणि वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होते. घरावर बोजा चढतो तो अशा मार्गाने.

याच्या समोर हप्ता किती? १,००० सीसीच्या आतल्या खासगी गाडीला १ जून २०२२ पासून लागू झालेला थर्ड पार्टीचा सरकारी दर वर्षाला २,०९४ रुपये, अधिक १८ टक्के जीएसटी. १,००० ते १,५०० सीसीला ३,४१६. त्याच्या वर ७,८९७. आमची गाडी पहिल्या गटातली, म्हणजे जीएसटी धरून अडीच हजारांच्या आत. कंपनी कुठलीही घ्या, मूळ दर तोच, त्यामुळे दहा वेबसाइटवर तुलना करत बसायचंही कारण नाही. हे आकडे पाठवल्यावर भाऊ जरा वेळ गप्प होता.

मग दुसरा प्रश्न आला. ‘मग झाड पडलं तर गाडीचे पैसे मिळतील?’

नाही. हा गोंधळ इतका सर्रास आहे की दर पावसाळ्यात कुणी ना कुणी चिडून ऑफिसात येतं. थर्ड पार्टी म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान. तुमच्या गाडीवर झाड पडलं, पुराचं पाणी शिरलं, काच फुटली, चोरी झाली, तर त्यासाठी लोक ज्याला ‘फुल इन्शुरन्स’ किंवा ‘फर्स्ट पार्टी’ म्हणतात तो हवा. तो घेणं कायद्याने सक्तीचं नाही. उभ्या गाडीला खरं तर याच गोष्टींची भीती जास्त, म्हणून सक्तीचा विमा आणि उपयोगी विमा यात थोडी विसंगती आहे, हे कबूल. पण जुन्या गाडीचा हिशेब करून बघा. पाच वर्षांवरच्या गाडीची किंमत कंपनी आणि आपण मिळून ठरवायची, ती आधीच खाली आलेली. क्लेम केला तर प्लॅस्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर ५० टक्के घसारा, म्हणजे जुनेपणापोटी कपात. काचेवर घसारा नाही, तेवढंच सुख. १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले १,००० रुपये आपले. नवीन गाडीला फुल इन्शुरन्स घ्याच. वर्षभर उभ्या राहणाऱ्या जुन्या गाडीसाठी मी तो घेतला नाही. त्याऐवजी बाबांना गाडी गुलमोहराखालून दोन इमारती पुढे न्यायला लावली. गुलमोहराच्या फांद्या वादळात कशा कडकडा तुटतात ते या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे, तरी सावलीसाठी सगळे तिथेच गाडी लावतात.

उलट बाजूही विचारली जाते. आपली गाडी नीट कडेला उभी आहे आणि दुसऱ्याने येऊन ठोकली, पण आपला विमा संपलेला. मग आपला हक्क गेला का? गेला नाही. त्याच्या थर्ड पार्टी पॉलिसीवर तुम्ही दावा लावू शकता, तुमची पॉलिसी नसणं आड येत नाही. फक्त पत्रा ठोकून घ्यायच्या पैशांसाठी न्यायाधिकरणात तारखा घ्यायची किती जणांची तयारी असते ते मी रोज बघते. फुल इन्शुरन्सवाले म्हणूनच मुकाट्याने स्वतःच्या कंपनीकडे जातात.

शेजारचे काका (निवृत्त, आणि सोसायटीच्या प्रत्येक विषयात मत असलेले) म्हणाले, गाडी गेटच्या आत घ्या, म्हणजे ‘सार्वजनिक ठिकाण’च राहणार नाही, विम्याची कटकट मिटली. कायद्याची व्याख्या आहे ती अशी: जिथे लोकांना जायचा हक्क आहे असा रस्ता, वाट किंवा जागा. काकांचं म्हणणं त्या व्याख्येत बसेल असं वाटतं खरं. पण मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९८८ सालीच ही व्याख्या सैल करून ठेवली आहे. जागा खासगी मालकीची असली तरी लोकांची ये-जा तिथे होत असेल, मग ती मोकळी असो की अडवून-विचारून सोडलेली, तर विम्यापुरती ती सार्वजनिक जागाच. दूधवाला, पेपरवाला, कुरिअरवाला, मोलकरीण, पाहुणे, सगळे गेटमधून आत येतात. वॉचमनच्या वहीत नाव लिहिलं म्हणून जागा बदलत नाही. कुलूपबंद गॅरेज असेल तर गोष्ट वेगळी, पण ते असतं तर गाडी रस्त्यावर कशाला आली असती?

गॅरेजवाल्यांसाठी विम्यात एक जुनी सोय आहेही. गाडी गॅरेजमध्ये बंद ठेवली आहे असं कंपनीला कळवून फक्त आग आणि चोरी एवढंच संरक्षण चालू ठेवायचं, बाकीचं त्या काळापुरतं थांबवायचं. अट गॅरेजची आहे. रस्त्यावरच्या कव्हरला गॅरेज म्हणत नाहीत.

रस्त्यावर गाडी ठेवण्याचंच बोलायचं तर कलम १२७ वाचून माझ्या नवऱ्याला हसू आवरेना. सार्वजनिक ठिकाणी दहा तास किंवा जास्त वेळ बेवारस सोडलेली गाडी उचलून न्यायला किंवा तिच्या चाकाला जॅमर लावायला गणवेशातला पोलीस अधिकारी सांगू शकतो, टोइंगचा खर्च मालकाचा. दहा तास! रात्री नऊला लावलेली गाडी सकाळी सातला गुन्हेगार. अर्ध्या शहराच्या गाड्या रोज उचलायला लागतील. व्यवहारात हे कलम बाहेर येतं ते कुणीतरी तक्रार केली की, आणि तक्रार होते ती धूळ खात पडलेल्या गाडीबद्दलच. उचललेली गाडी सोडवून आणायची म्हणजे ती चालवत आणायची, आणि मग कलम १९६ पूर्ण लागू. तसं तर पालिकेचं खोदकाम निघालं म्हणून गाडी समोरच्या बाजूला घेतली तरी ते चालवणंच. बॅटरी उतरू नये म्हणून बाबा महिन्यातून एकदा मेकॅनिककडून कोपऱ्यापर्यंत फेरी मारून घेतात, तेही. ‘उभीच असते’ असं म्हणणाऱ्यांच्या गाड्या वर्षातून किती वेळा हलतात ते त्यांच्या घरच्यांना विचारावं.

पीयूसीचं, म्हणजे प्रदूषण चाचणीच्या दाखल्याचं, एक कोडं मध्ये होतं. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पीयूसी असल्याशिवाय विमा रिन्यू करायचा नाही. हेतू चांगला, पण उभ्या गाडीची गंमत झाली. विम्यासाठी पीयूसी हवी, पीयूसीसाठी गाडी केंद्रापर्यंत न्यायला हवी, आणि नेण्यासाठी विमा हवा. त्यात थर्ड पार्टी विमाच न घेतलेल्या गाड्या वाढायला लागल्या तर अपघातग्रस्तांचंच नुकसान, म्हणून २०२४मध्ये ती अट काढली गेली. पीयूसी रस्त्यावर चालवायला लागतेच, तेवढं विसरू नका.

शेवटी भावाने पैसे पाठवले. मी पॉलिसी घेतली, एक प्रत डिजिलॉकरमध्ये, एक छापून गाडीच्या ड्रॉवरमध्ये, कारण बाबांना फोनमधल्या कागदावर विश्वास नाही. आधीच्या पॉलिसीची मुदत संपायच्या आत काम उरकलं हे बरं झालं. फुल इन्शुरन्स असणाऱ्यांनी तर इथे दुप्पट घाई करावी. मुदत संपली की कंपनी गाडीची तपासणी केल्याशिवाय पुन्हा घेत नाही, आणि ९० दिवस उलटले की साठवलेला नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट), जो ५० टक्क्यांपर्यंत गेलेला असू शकतो, शून्यावर येतो.

आता बाबाही विकायच्या गोष्टीला थोडे तयार झाले आहेत. मेकॅनिकच विचारतोय, रोख देतो म्हणतो, ‘कागद नंतर करू’. भावाला मी सांगून ठेवलं आहे की कागद आधी. आरसीवर नाव आहे तोवर अपघाताची जबाबदारी त्याच्याच गळ्यात, गाडी कुणाच्याही दारात असो. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा एकदा स्पष्ट केलं, त्या खटल्यातली गाडी तर एकामागून एक हात बदलत गेली होती आणि आरसी पहिल्याच्याच नावावर राहिली होती. त्यावर भावाचा प्रश्न, विकली तर थर्ड पार्टीच्या उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मिळतील का? मिळणार नाहीत. थर्ड पार्टी पॉलिसी गाडीबरोबर नव्या मालकाकडे जाते, त्याने चौदा दिवसांत कंपनीकडे नाव बदलायला अर्ज करायचा. तेव्हा उरलेल्या महिन्यांचे पैसे हवेच असतील तर ते गाडीच्या किमतीत धरून मेकॅनिककडूनच घे, असं मी त्याला लिहून पाठवलं आहे.